‘पगार झाला की सगळे पैसे काढून घ्या’ : या सल्ल्याचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप दर काही महिन्यांनी फिरून येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. बँका चार्ज लावून सामान्य माणसाला लुटतात. मिनिमम बॅलन्स नसेल तर खातं मायनसमध्ये नेतात आणि आपणच बँकेचे कर्जदार होतो. खातं वापरलं नाही तर पैसे सरकारजमा होतात. यूपीआयलाही आता पैसे पडतात. तक्रार करून उपयोग नाही. म्हणून पगार झाला की सगळी रक्कम काढा आणि घरी ठेवा.

या निरोपामागचा राग खोटा नाही. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीस चार-पाचशे रुपये उरतात त्याच्याकडूनच शिल्लक कमी आहे म्हणून दंड घ्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. पण निरोपातला एकेक दावा तपासला, तर त्यात सांगितलेला उपाय याच माणसाला आणखी खड्ड्यात घालतो.

मिनिमम बॅलन्सपासून सुरुवात करू. ही अट प्रत्येक खात्याला नसते. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये सगळ्या बँकांना ‘बेसिक सेव्हिंग्ज’ म्हणजे मूलभूत बचत खातं देणं बंधनकारक केलं. या खात्यात किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत मिळतं, पैसे कितीही वेळा भरता येतात आणि महिन्याला किमान चार वेळा विनाशुल्क काढता येतात. हे खातं फक्त गरिबांसाठी आहे किंवा फक्त जनधन योजनेत मिळतं, हा समज चुकीचा आहे. ते कुणीही मागू शकतं. एकच अट लक्षात ठेवा: त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं राहू शकत नाही. आधीचं खातं असेल तर ते याच प्रकारात बदलून द्या असा अर्ज शाखेत करता येतो. काउंटरवर हा पर्याय आपणहून फार कमी वेळा सांगितला जातो, म्हणून नाव घेऊनच मागा. शिवाय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सगळ्याच बचत खात्यांवरची किमान शिलकीची अट काढून टाकली. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. थोडक्यात, दंड बसत असेल तर खात्याचा प्रकार बदलता येतो, बँकही बदलता येते.

आता मायनसचा मुद्दा. निरोपातला सर्वात घाबरवणारा दावा हाच, आणि नियम नेमका त्याच्या उलट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं, केवळ किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खातं ऋण शिलकीत जाता कामा नये. दंड लावण्याआधी बँकेने एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायला हवं, शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायला हवा, आणि दंड जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात हवा. शंभर रुपये कमी पडणाऱ्याला आणि पाच हजार कमी पडणाऱ्याला एकच दंड लावता येत नाही. तुमच्या खात्यात मायनस आकडा दिसत असेल, तर निमूटपणे पैसे भरू नका. तो कोणत्या चार्जमुळे आला हे लेखी विचारा.

या दंडाचं मूळ बऱ्याचदा विसरलेल्या पगार खात्यात असतं. नोकरी बदलली की जुन्या कंपनीने उघडून दिलेलं खातं तसंच राहतं. काही महिने, बऱ्याच बँकांत सलग तीन महिने, पगार जमा झाला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीची अट लागू होते. आपण दंडाचे एसएमएस जाहिराती समजून पुसत राहतो. नोकरी सोडताना हे खातं बंद करायचं की मूलभूत खात्यात बदलायचं, हे त्याच महिन्यात ठरवून टाका.

वापरात नसलेल्या खात्यातले पैसे सरकारजमा होतात, हे अर्धसत्य आहे. दोन वर्षं खातेदाराने कोणताही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी दावा केला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. पण मालकी खातेदाराची किंवा त्याच्या वारसांचीच राहते, आणि बँकेकडे अर्ज करून ती नंतरही परत मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. घरातलं कुणी गेलं असेल आणि कागदपत्रं सापडत नसतील, तर तिथे त्यांच्या नावाने जरूर शोधून पाहा. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही आणि खातं पुन्हा चालू करायचं शुल्कही घेता येत नाही.

यूपीआयची अफवा २०२३ च्या एप्रिलच्या सुमारास पसरली. तेव्हाचा नियम मोबाइल वॉलेटमधून, म्हणजे अॅपमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, दुकानदाराला केलेल्या दोन हजारांवरच्या व्यवहारांचा होता आणि ते शुल्क ग्राहकाने द्यायचं नव्हतं. बँक खात्यातून यूपीआयने पैसे पाठवणाऱ्याला त्याची झळ लागली नाही. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्यावरही १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही.

आणि आता मुख्य सल्ला: सगळे पैसे काढून घ्या. या मुद्द्यावर मला सर्वात जास्त काळजी वाटते, कारण चार्ज टाळायला सांगणारा हा निरोप इथे थेट चार्जच्या वाटेवर नेऊन सोडतो. साध्या बचत खात्यात महिन्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएममधून पाच वेळा पैसे काढणं मोफत आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत. त्यापुढे १ मे २०२५ पासून दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. थोडे थोडे पैसे काढत खातं रिकामं करणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो.

त्याहून मोठा फटका हप्त्यांचा. गाडीचं कर्ज, मोबाइलचा ईएमआय, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी हे सगळं ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापलं जातं. त्या दिवशी खातं रिकामं असेल तर खातं असलेली बँक दंड घेते, हप्ता कर्जाचा असेल तर कर्ज देणारी कंपनी वेगळा दंड लावते आणि हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे पुढचं कर्ज देताना बँका पाहतात त्या अहवालात जाते. एका बाउन्समध्ये जेवढं जातं, तेवढं एटीएमच्या चार्जमध्ये वर्षभरात जात नसेल. करायचं ते याच्या उलट: सगळे हप्ते एकाच खात्यावर आणा, त्यांच्या तारखा पगारानंतर तीन-चार दिवसांच्या आत घ्या, आणि हप्त्यांपुरती रक्कम त्या खात्यात राहू द्या. रोजच्या खर्चासाठी दुसऱ्या बँकेत किमान शिलकीची अट नसलेलं खातं ठेवा.

व्याज कमी आहे, मान्य. पण ते रोजच्या शिलकीवर मोजलं जातं, घरच्या डब्यात तेवढंही नाही, आणि चोरी झाली तर भरपाई नाही. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराच्या प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थांना मात्र हे संरक्षण नाही. ‘बँकेपेक्षा पतसंस्था बरी’ असं या निरोपाच्या शेवटी कुणी जोडलं असेल तर हे त्यांना सांगा.

शेवटचा दावा, तक्रारीचा उपयोग नाही. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. त्यापुढे बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही आपण न मागता. इतर चार्जबाबत आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. त्यात खातं क्रमांक, चार्जची तारीख, स्टेटमेंटवरचं त्याचं नाव आणि रक्कम लिहा. ‘हा चार्ज कोणत्या नियमाने लावला ते कळवा किंवा रक्कम परत करा’ एवढं एक वाक्य पुरे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही, पण बँकेकडे केलेल्या पहिल्या तक्रारीचा पुरावा जोडावा लागतो.