'नाताळला गाड्या बंद' असं ठोकून देण्याआधी

ब्रिटनमधल्या जुन्या लांब पल्ल्याच्या कोचसेवांवर, म्हणजे बससेवांवर, लिहिताना बरेच जण एक वाक्य बेधडक टाकतात: 'नाताळच्या दिवशी अर्थातच सेवा बंद.' हे 'अर्थातच' मला खटकतं. तिथल्या रेल्वेगाड्यासुद्धा १९६०च्या दशकापर्यंत २५ डिसेंबरला धावत होत्या. आज त्या दिवशी रेल्वे ठप्प असते, तरी नॅशनल एक्सप्रेस ही कोच कंपनी गाड्या सोडतेच. तेव्हा वर्ष, मार्ग आणि दिशा सांगितल्याशिवाय त्या विधानाला काही अर्थ नाही.

सगळ्यात मोठी गफलत स्कॉटलंडची. तिथे १९५८ पर्यंत नाताळची सार्वजनिक सुट्टीच नव्हती; खरा सण नववर्षाचा. उलट इंग्लंडमध्ये १ जानेवारीची बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) १९७४ पासूनची. म्हणजे ग्लासगो-लंडन किंवा एडिंबरा-लंडन मार्गाच्या दोन टोकांना सुट्टी वेगळी, गर्दीचे दिवसही वेगळे. फक्त लंडनकडची पत्रकं चाळली तर निम्मं चित्र हाती लागतं. त्यात यातल्या बऱ्याच गाड्या रात्रीच्या! २४ला संध्याकाळी सुटलेली गाडी २५ला सकाळी पोचते. '२५ तारखेला सेवा नाही' ही टीप सुटण्याच्या तारखेची आहे की पोचण्याच्या, हे त्या पत्रकातल्या इतर टिपांशी ताडून ठरवावं लागतं.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. १९५५ आणि १९६० मध्ये नाताळ रविवारी होता. तळटिपेत 'रविवारप्रमाणे' असेल तर हिवाळी वेळापत्रकातला रविवारचा रकाना लागेल. उन्हाळी पुस्तिका उघडून बसू नका. सणाचे बदल मूळ पुस्तिकेत सापडले नाहीत म्हणजे बदल झालेच नाहीत, असंही नाही. ते बहुधा सुट्या पत्रकावर किंवा स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून २४ डिसेंबरपर्यंतचे अंक मार्गाच्या दोन्ही टोकांच्या गावांचे पाहा, आणि शक्यतो पानं उलटून. बारीक टायपातल्या जाहिराती संगणकाला धड वाचता येत नाहीत. शिवाय 'ख्रिसमस'ऐवजी नुसतं 'एक्समस' (Xmas) छापलेलं असतं, मग शोध रिकामा परततो.

दुसरा धागा परवान्यांचा. १९३०च्या रोड ट्रॅफिक कायद्यापासून ६ ऑक्टोबर १९८० पर्यंत एक्सप्रेस सेवांना, म्हणजे या लांब पल्ल्याच्या गाड्यांना, ट्रॅफिक कमिशनर या सरकारी अधिकाऱ्यांचा परवाना लागे. मार्ग, भाडं, वेळा, कधी कधी एका फेरीला किती गाड्या सोडायच्या हेसुद्धा त्यात बांधलेलं असे. परवान्यांचे अर्ज आणि निर्णय छापणारी त्यांची 'नोटिसेस अँड प्रोसीडिंग्ज' ही पत्रकं खजिना आहेत, पण त्यातून परवानगी कळते. गाडी खरंच सुटली का, हे कळत नाही.

सणाच्या गर्दीत एकाच वेळेच्या फेरीला मागोमाग अनेक गाड्या लागत. गणपतीला कोकणात सोडतात त्या जादा गाड्यांसारखंच. पण तिथे या जोडगाड्या वेळापत्रकात वेगळ्या दिसत नाहीत. त्यातल्या काही दुसऱ्या मालकांकडून भाड्याने घेतलेल्या असत. म्हणून लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर उभ्या गाडीचा फोटो पाहून 'ही कंपनी हा मार्ग चालवत होती' असं लिहू नका. काचेवरची 'ऑन हायर' पाटी आधी शोधा. प्रत्यक्ष धावलेल्या गाड्यांसाठी कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं लागतात. त्यासाठी 'द बस आर्काइव्ह' ही संस्था आधी धरा; पूर्वीचा ड्रॉइटविचचा किटहेड ट्रस्ट आणि वॉल्सॉलचा ऑम्निबस सोसायटीचा संग्रह तिच्यात एकत्र आले आहेत.

काही वर्षं वेगळी काढून ठेवा. १९४२च्या शरदापासून १९४६ पर्यंत युद्धामुळे बहुतेक एक्सप्रेस सेवा बंद होत्या. १७ डिसेंबर १९५६ला सुएझ संकटामुळे पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. त्याआधी छापलेल्या पत्रकावर विसंबू नका. २६ डिसेंबर १९६२ला मोठी बर्फवृष्टी सुरू झाली, त्या आठवड्याचं छापील वेळापत्रक म्हणजे निव्वळ इच्छा.

नोंद करताना प्रत्येक फेरीपुढे सुटण्याची तारीख आणि ठिकाण लिहा, आणि पुढे तीनपैकी एकच शब्द: 'जाहीर', 'परवानाप्राप्त' किंवा 'धावली'. तिसरा शब्द फार कमी वेळा वापरायला मिळेल.