सापळे उकळतात ते विषात नव्हे, रंगात

अमेरिकेत मिंक (फरसाठी मारला जाणारा, मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) पकडणाऱ्यांचा एक व्हिडिओ फिरतो आहे. पिंपात काळ्या पाण्यात लोखंडी सापळे उकळताहेत, खाली लिहिलंय, ‘सापळ्यांना विष लावतात.’ फरसाठी प्राणी मारायला माझा ठाम विरोध आहे, तरीही हा दावा चुकीचा आहे. ते पाणी लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडाचा किंवा अक्रोडाच्या सालींचा रंग असतो. नव्या सापळ्यावरचं तेल आधी धुतात, मग हलका गंज चढू देतात, कारण गुळगुळीत लोखंडावर रंग नीट धरत नाही. मिंकचे सापळे बहुधा ओढ्याकाठी, पाण्यातच लावतात. त्यामुळे जास्त गंजू नयेत म्हणून हा खटाटोप. पाय पकडणारे सापळे नंतर वितळलेल्या मेणात बुडवतात. शरीर आवळणाऱ्या कोनिबेअर सापळ्यांना मात्र मेण धोक्याचं: मेणाने निसरडा झालेला खटका निसटला तर लावणाऱ्याचाच हात अडकतो.