देवळात राहून विरोधी मत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं आणि इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी जावं की नाही, यावरूनही असाच पेटला होता. दोन्ही वेळा एक बाजू म्हणाली, ज्यांची श्रद्धाच नाही त्यांनी आमच्या रूढींत नाक खुपसू नये. दुसरी म्हणाली, पूजाअर्चा करणाऱ्यांकडून सुधारणेची अपेक्षाच नको. मला दोन्ही म्हणणी साफ चुकीची वाटतात, आणि त्याचं एक कारण मी राहते त्याच जॉर्जियात होऊन गेलं: जिमी कार्टर.

त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी सांगतेय ते नौदलातून परत आलेल्या आणि प्लेन्स गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन झालेल्या कार्टरांबद्दल. डीकन म्हणजे पाद्री नव्हे, सभासदांमधूनच नेमलेला सेवेकरी.

१९४६ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडून ते पुढे पाणबुड्यांवर गेले. १९५२ च्या डिसेंबरात कॅनडात चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली, तेव्हा ती उकलायला गेलेल्या एका तुकडीचे ते प्रमुख होते. भट्टीची प्रतिकृती टेनिस कोर्टवर उभारून त्यांनी सराव केला. किरणोत्सर्ग इतका, की एका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट थांबता येई. तेवढ्यात ठरलेले नट काढायचे आणि बाहेर पडायचं. कार्टर स्वतः उतरले. त्यांच्याच पाणबुडीची आणखी एक हकिगत ते सांगत. एका ब्रिटिश बेटावर फक्त गोऱ्या खलाशांना मेजवानीचं बोलावणं आलं, तेव्हा अख्ख्या पाणबुडीने ते नाकारलं.

१९५३ मध्ये वडील वारले आणि ते नौदल सोडून गावी आले, शेंगदाण्याचा धंदा सांभाळायला. गाव होतं तिथेच होतं. गोऱ्यांचं वर्चस्व टिकवणाऱ्या संघटनेत यायला त्यांनी नकार दिला, तर काही गिऱ्हाइकांनी दुकानावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला.

मग १९६५. कृष्णवर्णीयांना आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना प्रार्थनेला येऊ द्यायचं नाही, अशी शिफारस चर्चच्या इतर डीकनांनी केली. कार्टर सभेत उठून विरोधात बोलले. बंदीच्या बाजूने ५४ मतं पडली, विरोधात ६, आणि त्या सहांतली बहुतेक कार्टर घरातलीच. कितीतरी लोक हात वर न करता बसून राहिले. मला त्या गप्प बसलेल्यांचं फार वाटतं. आपल्याकडेही सगळं अडतं ते तिथेच.

हरल्यावर ते चर्च सोडून गेले नाहीत. पुढे गावात फूट पडून मॅरानाथा चर्च निघालं आणि वॉशिंग्टनहून परतल्यावर ते तिकडचे झाले. तिथे डीकन झाले, नव्वदी उलटल्यावरही रविवारचा वर्ग घेत राहिले. आईबाबा आले होते तेव्हा आम्ही त्या वर्गाला गेलो होतो. पहाटे अंधारात रांग, मग छोटंसं साधं सभागृह. दान गोळा करायची लाकडी ताटली बाबांच्या हातात आली. ती कार्टरांनी स्वतः घडवलेली आहे हे कळल्यावर बाबा ती पुढे द्यायलाच तयार नव्हते. त्यांची सगळी नोकरी विक्रोळीत गेली. कार्टरांच्या आई लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून परिचारिका म्हणून विक्रोळीतच आल्या होत्या, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

कार्टर निष्कलंक होते असं मी म्हणणार नाही. १९७० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्यांनी वर्णभेद मानणाऱ्यांची मतं गोंजारली, आणि निवडून आल्यावर मात्र वर्णभेदाचा काळ संपला असं शपथविधीच्या भाषणात जाहीर केलं. तो प्रचार मला आजही खटकतो. पण २००० मध्ये सदर्न बॅप्टिस्ट महासंघाने पाद्रीपद फक्त पुरुषांचं असं ठरवलं, तेव्हा आयुष्यभराच्या त्या महासंघाशी त्यांनी संबंध तोडले. त्यांच्या मॅरानाथा चर्चने पुढे त्यांच्या पत्नी रोझलिन यांनाही डीकन केलं.

१९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. त्यांच्या श्रद्धेबद्दल कोण शंका घेईल? तरीही आज कुणी रूढीविरुद्ध बोललं की आधी त्याची भक्ती तपासली जाते. परदेशात तर हे जास्तच. इथे आपण देव जपतो, सण जपतो, आणि त्यांच्याबरोबर आलेलं सगळं जसंच्या तसं जपायलाच हवं असं धरून चालतो. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना निरोप जात नाही. कुणी ठरवलेलं नाही, जात नाही एवढंच. मी स्वतः हळदीकुंकू करते, चैत्रगौर मांडते, आणि म्हणूनच येत्या कार्यकारिणीपुढे मी ठराव ठेवणार आहे: संक्रांतीचं निमंत्रण यादीतल्या प्रत्येक बाईला जाईल, आणि मतदान हात वर करूनच होईल.