'तुरळक ठिकाणी' ही पळवाट नव्हे

उन्हाळा आला की हा मजकूर फिरतोच: 'हवामान खात्याने वादळी पावसाचा इशारा दिला, आमच्याकडे टिपूसही नाही. "तुरळक ठिकाणी" म्हटलं की कुठेही पडो, खरंच! अंदाज रोज बदलतात. त्यापेक्षा मोबाइलचं अ‍ॅप बरं, तास सांगतं. आणि काल पडलेला पाऊस आजच्या तारखेवर!'

सगळी टिंगल 'तुरळक'वर आहे, म्हणून आधी तेच. हा शब्द मोजलेला आहे. भारतीय हवामान विभाग देशाचे 36 उपविभाग धरतो. विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र, कोकण-गोवा हे त्यातले चार. उपविभागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', 50 पर्यंत 'काही ठिकाणी', 75 पर्यंत 'बऱ्याच', त्यावर 'बहुतांश'. म्हणजे चारातली तीन केंद्रं कोरडी राहणार, हे अंदाजातच सांगितलंय. उलट 'तुरळक' म्हणून निम्म्या केंद्रांवर पाऊस झाला, तर अंदाज चुकला. पळवाटीला असं पकडता येत नाही.

वळवाचा ढग असतोच तसा. सकाळी त्याचा पत्ता नसतो. जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. एकेक ढग काही किलोमीटर रुंद, आयुष्य तासाभराचं. वळणाअलीकडे डांबर कोरडं, पलीकडे वाफाळतंय, हे एसटीतून कुणी पाहिलं नाही?

बरं, इशारा पावसाचाच होता का? एप्रिल-मेमधल्या इशाऱ्याचा पिवळा रंग बऱ्याचदा विजांसाठी आणि ताशी 30-40 किलोमीटरच्या वाऱ्यासाठी असतो. कैऱ्या झडल्या, पत्रे उडाले, थेंब नाही पडला, तरी इशारा खराच. वीज तर पावसापासून दहा किलोमीटरवरही पडते.

अंदाज रोज बदलतो, कारण रोज नवी निरीक्षणं हाती येतात. परवाचं आज सांगून उद्या तेच रेटणं हा हट्ट झाला. गाव आणि वेळ नेमकी हवी, तर ढग रडारवर दिसू लागल्यावर निघणारा तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे.

बाकी अ‍ॅपचा 'दुपारी 4 वाजता पाऊस' बहुधा संगणकी प्रारूपातून आपोआप उतरलेला असतो. प्रारूप नकाशावर चौकोनांची जाळी टाकून गणित करतं आणि त्या जाळीचा एक चौकोनच कित्येकदा अख्ख्या ढगाहून मोठा! तास छापला म्हणून तो कळलेला असतो असं नाही.

खात्यालाही बोल आहेच. टक्क्यांचा खुलासा पत्रकाच्या शेवटी कशाला? बातमीत येईपर्यंत 'तुरळक' गळतं आणि 'राज्याला झोडपणार' उरतं.

राहिली तारीख. पाऊस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी 8:30 असा मोजतात. 21 तारखेच्या संध्याकाळचा वळीव 22 च्या नोंदीतच जाणार.