गिअरचा दांडा

आमच्या पद्मिनीचा गिअरबॉक्स बदलायला दोन दिवस लागले. त्याचा दांडा मनासारखा वाकडा करायला पावणेदोन महिने.

गाडी १९८२ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गिअर स्टिअरिंगवर, त्यामुळे पुढची सीट सलग, बाकासारखी. आणि त्या बाकावर मधोमध आईची जागा. वडील चालवायचे तेव्हा ती तिथे, आता मी चालवतो तेव्हाही तिथेच. डाव्या खिडकीशी पूर्वी आत्या बसायची, आता बायको बसते. खिडकीची माणसं बदलली, मधली जागा नाही.

चाळीस वर्षांनी तिसरा गिअर उडायला लागला. चढावर गाडी जरा रंगात आली की खट्कन न्यूट्रल. मी एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने गिअर दाबून धरायचो आणि माझ्या कपाळावरचा घाम आई पदराने टिपायची. पार्टसाठी नाना पेठ पालथी घातली. दुकानदार "पद्मिनीचा?" असं विचारून आधी माझ्याकडे बघायचे, मग गल्ल्यामागच्या गणपतीच्या तसबिरीकडे. शेवटी आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, हिचा नाद सोडा. ११८ एनईची गिअरची पेटी टाकू. निस्सानची आहे, लोण्यासारखी पडते."

११८ एनई म्हणजे पद्मिनीच्याच घरातली धाकटी. इंजिन आणि पेटी निस्सानच्या घडणीची, गिअर खाली. हे शेवटचे दोन शब्द मी नीट ऐकायला हवे होते.

पेटी बसली. मध्ये लेथवर केलेली अडॅप्टर प्लेट आली, पेटीतून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स झाला. मी पेढे घेऊन गॅरेजमध्ये गेलो, कौतुकाने दार उघडलं, तर आईच्या जागेपुढे पत्र्यातून एक लोखंडी दांडा उगवलेला. अंगणाच्या मधोमध नळाचा पाइप निघावा तसा.

"अहो, गिअर इथे?"

"पेटीत जिथे भोक, तिथे दांडा," मिस्त्री पेढा तोंडात टाकत म्हणाले. "स्टिअरिंगवर कसा न्यायचा?"

पहिला आणि तिसरा पुढे पडायचे, ते सुरेख पडले. दुसरा आणि चौथा मागे, आणि मागे सीट. दुसरा टाकायचा म्हणजे दांडा सीटच्या फोममध्ये रुतवायचा, आणि हात सोडला की फोम त्याला सन्मानाने परत पाठवायचा. खट्कन न्यूट्रल. थोडक्यात, पदरचे पैसे मोजून मी एका उडणाऱ्या गिअरच्या बदल्यात दोन उडणारे गिअर मिळवले होते.

"कापू थोडा," मिस्त्री म्हणाले. मला हे शास्त्रशुद्ध वाटलं. गिअरचा दांडा म्हणजे तरफच. बुडाशी गोळी असते, तिच्यावर तो डोलतो. आमचा गोळीच्या वर तीस सेंटीमीटर होता, खाली पाच. म्हणजे खालचं टोक एक सेंटीमीटर सरकवायचं तर वरचा नॉब सहा सेंटीमीटर फिरणार. वरून दहा कापले की नॉबचा प्रवास चारवर येतो. जोर मात्र दीडपट लागतो. आठवीत हे गणित मी चुकवलं होतं. या वेळी बरोबर आलं, आणि उपयोग काही झाला नाही, कारण गणितात आईची साडी नव्हती. आखूड झालेला नॉब तिच्या निऱ्यांत हरवला. सिग्नल सुटला की मी क्लच दाबून चाचपडतोय, मागचे हॉर्न मारतायत आणि आई म्हणतेय, "काय शोधतोयस? सांग, मी देते."

शिवाय कापताना आटेही गेले होते. डाय मारून नवे पाडले, तर जुना नॉब त्यावर बसेना. जुन्या बाजारात रविवारी एक बसणारा मिळाला. त्याच्यावर पाच गिअर कोरलेत, गाडीत चार आहेत. अजूनही कुणीकुणी "अरे वा, फाइव्ह स्पीड!" म्हणतं. मी खोडून काढत नाही.

मग दांड्याला तुकडा जोडून तो पुढे झुकवायचं ठरलं. इथे घाई माझी होती. "दांडा काढतो आधी," असं मिस्त्री म्हणत होते. मी म्हटलं, जागेवरच गॅस लावा, पाच मिनिटांचं काम. लोखंड वाकवायचं तर लालभडक करावं लागतं. आणि गोळीभोवती जो नायलॉनचा बुश असतो, तो सव्वादोनशे-अडीचशे अंशांतच पाघळतो. दांडा सुंदर वाकला. बुशाची खीर झाली. त्यानंतर गिअर वरणाच्या पातेल्यातल्या पळीसारखा कुठेही फिरे. कुठला पडला ते गाडी हलल्यावर समजायचं. सोसायटीतल्या निवृत्त काकांनी मला समोर उभ्या मोटारसायकलच्या दिशेने रिव्हर्स घेताना पाहिलं, आणि आरटीओला हे चालतं का, असं विचारलं. आरसीवर इंजिनाचा आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, एवढं सांगून मी काच वर केली. काकांचं समाधान झालेलं नाही.

लेथवाल्या काकांनी नायलॉनच्या रॉडमधून नवा बुश काढून दिला. पळीचा पुन्हा दांडा झाला. पण पुढे झुकवल्यामुळे आता तिसरा टाकला की नॉब डॅशबोर्डखाली टांगलेल्या टेपरेकॉर्डरवर जाऊन आदळायचा, नेमका कॅसेट बाहेर यायच्या बटणावर. पहिल्या-दुसऱ्यात अभंग रंगात आलेला असायचा. तिसऱ्यात कॅसेट थेट आईच्या मांडीवर. तिने दोन दिवस निमूट परत सारली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुसऱ्यातच चालव ना, एवढी कसली घाई आहे?"

तोडगा काढला तो लेथवाल्यांनी. "लोखंड वाकवायच्या आधी तार वाकवा," ते म्हणाले, "आणि आईंना घेऊन या." त्या शनिवारी आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, गॅरेजमध्ये उभ्या गाडीत मधल्या जागेवर बसली. लेथवाले जाड तार गोळीपाशी टेकवून वाकवत होते, खडूने खुणा करत होते, शिंप्याने ब्लाउजचं माप घ्यावं तसे मध्येच विचारत होते, "इथे लागतंय का काकू?" काकू म्हणाल्या, "गुडघ्याला नाही, पण पदर अडकेल." तार अर्धा इंच उजवीकडे गेली. चारही गिअर तारेनेच टाकून पाहिले. मिस्त्री चालकाच्या जागी, बायको खिडकीशी, मी बाहेर उभा. माझं माप कुणी घेतलं नाही. शेवटी दोन वाक ठरले: बुडापासून पुढे, मग टेपच्या खालून वळून उजवीकडे आणि वर. हंसाच्या मानेसारखा आकार. दांडा रीतसर बाहेर काढून, शेगड्यात तापवून, तारेशी ताडून वाकवला. अर्ध्या तासाचं काम.

परवा सासवडला जाऊन आलो. दिवेघाट तिसऱ्यात चढलो. गिअर उडाला नाही, कॅसेट उडाली नाही. पहिल्याला जोर लागतो, पण तेवढं चालतं. येताना आईने रस्त्यावर सीताफळं घेतली. मागे ठेवली तर दबतील म्हणून पुढेच घेऊन बसली, आणि बसताबसता पिशवीचे बंद दांड्याच्या वाकात अडकवले.

"हे मात्र छान केलंस हो," ती म्हणाली. "पूर्वी पिशवी अडकवायला काहीच नव्हतं."

घरापर्यंतचे सगळे गिअर मी दोन किलो सीताफळांसकट टाकले.