टॅब पुरेसा आहे म्हणताय, तर मग 'कृता' शोधून दाखवा

गेले आठ-दहा दिवस कोल्हापुरातल्या लिनक्सवाल्यांच्या (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी वापरायची सिस्टीम) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला तर तीन ठिकाणांहून आला. म्हणणं असं की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, नाव अंदाजे टाकलं तरी प्रोग्राम शोधून देणारी टूल्स बिनकामाची आहेत, कीबोर्डवरचा टॅब दाबला की भागतं, उलट या टूल्समुळं मशीन स्लो होतं, भलताच प्रोग्राम चालू होतो आणि पोरं नावं पाठ करायचं सोडतात. मी दर रविवारी राजारामपुरीत चार-पाच पोरांना जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकवतो, त्यामुळं हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिलं टॅबचं. बॅशमधला (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम) टॅब नाव सुरवातीपासून जुळवतो, म्हणजे पहिली अक्षरं बरोबर असली तरच पुढचं भरून देणार. आणि आपल्याकडं नाव येतं कानावरून. मागं कागलची एक मुलगी आली, चित्रं काढते, कुणीतरी सांगितलेलं सॉफ्टवेअरचं नाव वहीत मराठीत 'कृता' असं लिहून आणलेलं. आता अमृताचं स्पेलिंग आपण जसं करतो तसंच तिनं केलं, के-आर-यू-टी-ए. टॅब दाबला, काही नाही, परत दाबला, काही नाही, मग म्हणाली सर माझ्या लॅपटॉपवर हे नाहीच. होतं की, मीच टाकून दिलेलं, फक्त नाव क्रिता, यू च्या जागी आय पाहिजे होता. आवाज एडिट करायचं ऑडॅसिटी ए ऐवजी ओ पासून टाइप करणारे तर कितीतरी आहेत, तिथं पहिलंच अक्षर चुकलं म्हटल्यावर टॅब काय करणार?

अशी चूक आपल्याच पोरांची होते असं पण नाही. डॅमेराऊ नावाच्या माणसानं 1964 मध्येच दाखवलंय की 80 टक्क्यांहून जास्त स्पेलिंगच्या चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, नाहीतर शेजारची दोन उलटसुलट. अंदाजानं शोधणारं टूल नेमकं हेच मोजतं, एका नावावरून दुसऱ्या नावावर जायला किती बदल लागतात ते.

स्लो होतं म्हणे. आठ अक्षरी नाव आठ अक्षरी नावाशी ताडायचं तर 64 घरांचा एक तक्ता भरायचा, दोन हजार प्रोग्राम धरले तरी सगळी मिळून 1,28,000 घरं. आमच्या क्लासमधल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर पण एंटर दाबल्याबरोबर उत्तर येतं, आणि टूल काही मागं सारखं चालत बसत नाही, शोधलं की संपलं.

भलता प्रोग्राम चालू होतो, या मुद्द्यावर मात्र नीट बोललं पाहिजे. उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) चुकीची कमांड टाकली तर जवळची नावं दाखवतात, चालवत नाहीत. बॅशच्याच जातीच्या झेडशेलमध्ये करेक्शन चालू केलं तर आधी विचारतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट पण नुसतं सुचवतो, आपण मुद्दाम सेटिंग बदललं तरच स्वतः चालवतो, ते बदलू नका एवढंच. खरी अडचण छोट्या नावांची आहे. एमव्ही (फाइल हलवणारी कमांड) आणि आरएम (फाइल पुसणारी) यांच्यात फक्त दोन बदलांचं अंतर, त्यामुळं दोन चुकांची सूट दिली की दोन अक्षरी कुठलंही नाव कशालाही जुळणार. म्हणून सूट नावाच्या लांबीप्रमाणं द्यायची, आणि यादी बघून नाव स्वतः टाइप करायचं.

मेसेजवाल्यानं एफझेडएफ या यादीत शोधायच्या टूलला पण यातच ओढलंय, पण त्याचं काम वेगळं आहे. तो अक्षरं त्याच क्रमानं नावात कुठंतरी आहेत का एवढंच बघतो, मधली गाळली तर चालतं, पण 'कृता' वाला यू नावात नाहीच म्हटल्यावर तो पण क्रिता दाखवणार नाही. त्यासाठी चुका धरून शोधणारा एग्रेपच पाहिजे, वू आणि मॅनबर यांनी केलेला, उबुंटूत टीआरई-एग्रेप नावानं त्याच जातीचा मिळतो. कॉम्पजेन डॅश सी (सगळ्या कमांडची यादी), पाइप (ती यादी पुढं देणारी उभी रेघ), टीआरई-एग्रेप डॅश एक (एका चुकीची सूट), आणि पुढं ऐकलेलं नाव, बास.

राहिलं पाठांतर. त्या मुलीला आता क्रिताचं स्पेलिंग तोंडपाठ आहे, कारण तिनं ते यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि त्यानंतर रोज टाइप केलं. त्या दिवशी टॅबवरच सोडलं असतं तर ती लॅपटॉप मिटून घरी गेली असती.