उरलेला एक टक्का सोमवारी

चौसष्ट जीबी रॅम सुखरूप पलीकडे पोहोचली आणि एका बिटाने दार लावून घेतलं. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या ८.० आवृत्तीवरची एक व्हीएम, बंद न करता, मागे ७.२ वर आणायची होती. दोन्हीकडे मशीन टाइप, म्हणजे व्हीएमला दाखवायच्या हार्डवेअरचा साचा, पीसी-क्यू३५-७.२, आणि तरीही शेवटी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’.

बिटाचं एक वेळ समजू शकतो. पण कॉलवर एक साहेब ‘नुसतेच ऐकायला’ बसले होते.

“किती टक्के झालं होतं?”

“नव्व्याण्णव.”

“मग उरलेला एक टक्का सोमवारी करा. आज नव्व्याण्णव पूर्ण दाखवा.”

यांना काय सांगणार? व्हीएम चालू असताना रॅमच्या फेऱ्या होतात, मधल्या काळात बदललेली पानं (रॅमचे तुकडे) पुन्हा पाठवली जातात. थोडंसं उरलं की व्हीएम थांबवतात आणि मग डिव्हाइसांची अवस्था जाते. अडवणूक तिथे होते, म्हणजे सगळं सामान चढवून झाल्यावर. नशीब, व्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट अशा वेळी मूळ व्हीएम पुन्हा चालू करतं.

“कुठलं डिव्हाइस रुसलंय?”

“ई१०००ई. नेटवर्क कार्ड.”

“केबल बदलून पाहिली?”

“व्हर्च्युअल आहे, सर.”

“केबलसुद्धा?”

मग मेसेज वाचून दाखवायचा हुकूम झाला. बॅड कॉन्फिग डेटा, आय १०ए, रीड ४०, डिव्हाइस ०. साहेब क्षणभर गप्प. “चाळीस पाठवले आणि तिकडे शून्य? मधले चाळीस कुणी खाल्ले?”

खाल्ले कुणीच नाहीत. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायातले आहेत. या कार्डाचं एईआर, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चुका नोंदवणारा भाग, १०० वर सुरू होतो. त्याचा अनकरेक्टेबल मास्क, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या चुकांपैकी कुठल्या झाकायच्या त्याची नोंद, १०८ वर. त्यातला तिसरा बाइट १०ए, आणि त्यातले ४० म्हणजे बिट २२, ‘इंटर्नल एरर’ झाकणारा. स्पेसिफिकेशनप्रमाणे तो मुळातच १ असायला हवा. ८.० ने ते पाळलं, चांगलंच केलं. फक्त ७.२ च्या मशीन टाइपलाही तोच नियम लावला. ७.२ च्या लेखी हा बिट गेस्टला (व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला) लिहिताच येत नाही आणि त्याची किंमत ०, मग समोरून १ आला की तो नाकारणारच. ७.२ वरून ८.० वर जाताना मात्र काही बिघडत नाही, कारण तिथे तो बिट लिहिण्याजोगा आहे. म्हणून सगळ्यांनी पुढे जाऊन पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मागे येऊन पाहायचं काम आमच्यासारख्यांचं, तेही रात्री.

हे नीट करता येतं, केलेलंही आहे. ५.२ मध्ये व्हर्टआयओ ब्लॉक या व्हर्च्युअल डिस्कच्या रांगांची संख्या व्हीसीपीयूंनुसार (व्हर्च्युअल प्रोसेसरांनुसार) आपोआप ठरू लागली, तेव्हा ५.१ च्या कॉम्पॅट यादीत, म्हणजे जुन्या मशीन टाइपचं वागणं जपणाऱ्या यादीत, ती १ वर बांधून टाकली. एक ओळ! या बिटालाही पुढे तशीच ओळ मिळाली: एक्स-पीसीआयई-ईआरआर-अनक-मास्क, जुन्या मशीन टाइपला ऑफ.

अशा चुका पकडायला क्यूईएमयूच्या व्हीएमस्टेट स्टॅटिक चेकरवर भिस्त ठेवू नका. दोन आवृत्त्यांचे डंप-व्हीएमस्टेट (डिव्हाइसांच्या अवस्थेचे आराखडे) काढून तो रचना ताडतो: कुठलं फील्ड वाढलं, कुठलं आकाराने बदललं. आतल्या किमती तो पाहत नाही, त्यामुळे हा बिट त्याच्या नाकाखालून जातो. खरी चाचणी एकच: जुन्या मशीन टाइपची व्हीएम नवीन बायनरीवर (क्यूईएमयूच्या प्रोग्रामवर) सुरू करायची आणि जुनीवर पाठवायची. मशीन टाइप पूर्ण लिहा. नुसतं ‘क्यू३५’ लिहिलं की प्रत्येक बायनरी स्वतःचा ताजा अर्थ काढते.

आणि दुरुस्तीतली खोच अशी की मूळ ८.० वर सुरू झालेली ७.२ ची व्हीएम आता दुरुस्त आवृत्तीवरही जात नाही. तिच्या पोटात बिट १ आहे, पलीकडे ऑफ. मग पलीकडे त्या डिव्हाइसला तोच मास्क हाताने ऑन द्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामी पुन्हा द्यायचा. गेस्टच्या आतून रीबूट करून सुटका नाही, कारण क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावी लागते.

म्हणजे व्हीएम न थांबवता हलवण्याची सोय पुन्हा मिळावी म्हणून ग्राहकाकडे व्हीएम थांबवायची परवानगी मागायची. मेल मी लिहायचा, साहेबांना सीसीत ठेवून. ते त्यावर टक्के विचारतील.